म्हातारबुवांची दाद

४ जून
पाय सुजलेत. दिवसभर साक्षीदाराच्या पिंजऱ्याला टेकून उभी! दुभाष्यालाही पाय असतात हे कोर्टात कुणाच्या गावीच नाही.

नवा दावा. वादी परदेशी, तंतुवाद्य वाजवतात, आपली भाषा येत नाही. मी त्यांना मनातल्या मनात म्हातारबुवा म्हणते. त्यांनी बांधलेली चाल शिष्याने स्वतःच्या नावावर खपवली. पैसे नकोत म्हणे, चालीवर नाव हवं. ते बोलतील ते मी सांगायचं — गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. तशी शपथच घेतली आहे.

६ जून
आज म्हातारबुवा पिंजऱ्यात म्हणाले, "मी दाद मागायला आलोय." बोलले त्यांच्या भाषेत, पण 'दाद'चं भाषांतर करावंच लागलं नाही! शब्द त्यांचाच, आपण कधीतरी उचललेला.

चहा पिताना सांगितलं, आमच्याकडे गाणं आवडलं तरी दाद देतात. त्यांना पटेना. "आमच्यात दाद म्हणजे न्याय. तो गाण्यात कशाला कडमडतो?" मग कप फिरवत म्हणाले, "त्या पोराला मी कधी बरं म्हटलं नाही. शेफारला असता." पोरगा म्हणजे तो शिष्य, पन्नाशीचा टकल्या!

७ जून
लेक म्हणते, "आई, दोन्हीकडून तूच बोलतेस, मग भांडण मिटवून का नाही टाकत?" हसायलाही त्राण नाही.

११ जून
काय करून बसले मी!

न्यायाधीशबाईंनी दोघांना चाल वाजवायला लावली. म्हातारबुवांची बोटं आता थरथरतात, दोनदा अडखळले. मग टकल्याने वाजवली. अहाहा! शिपाईसुद्धा दारात थबकला. शेवटचा सूर विरला आणि म्हातारबुवा त्यांच्या भाषेत मोठ्यांदा बोलून गेले, "आता झाली रे ही तुझी, गाढवा!"

गुरूच्या तोंडची केवढी शाबासकी! पण कोर्टात? चाल त्याची असल्याची चक्क कबुली. बाईंनी विचारलं, "काय म्हणाले?"

माझ्या तोंडून निघालं, "पाणी मागतायत."

शिपायाने ग्लास आणून दिला. म्हातारबुवा बिचारे मुकाट्याने प्यायले.

१२ जून
खरं सांगावं तर म्हातारबुवा बुडतात. गप्प राहावं तर माझी शपथ. आणि टकल्याला त्यांची भाषा येते! इतकी वर्षं त्यांच्याकडेच शिकला ना. त्याने ऐकलंय. वकिलाच्या कानात सांगितलं की संपलं सगळं. भीती वाटते.

१७ जून
उद्या तारीख. जेवण गेलं नाही. डोकं चालेनासं झालंय.

१८ जून
टकल्या आपणहून उभा राहिला. वकील कोट ओढतोय, हा ऐकेना. "चाल त्यांचीच आहे. दावा कबूल. पण त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नव्हतं. ते मला काय म्हणाले, तेवढं कोर्टाच्या कागदावर यायला हवं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, गाढवासकट. उद्यापासून मी यायचं नाही, बाईंनी बजावलं.

टकल्या ढसाढसा रडत होता. म्हातारबुवांनी माझी बाही ओढली, "हरला म्हणून रडतोय का?"

मी म्हटलं, "नाही. दाद मिळाली म्हणून."