रेघेवरची फुली

भूपेंद्रच्या बापूंना सुरतेहून राम राम.

मी बरी आहे. फोनवर बोलताना सूनबाई शेजारीच असते, म्हणून हा कागद. आपल्या गावचा छगन उद्या नंदुरबारच्या गाडीने निघतोय, त्याच्या हाती देते.

काल संधिवाताच्या डॉक्टरांनी माझा एकेक सांधा दाबून पाहिला. "दुखतं का, आजी?" परक्या पुरुषापुढे आपल्याकडची कोणती बाई कण्हते? दात आवळून नाही म्हणत गेले. मग त्यांनी कागदावर रेघ दाखवली. एका टोकाला एकदम बरं, दुसऱ्या टोकाला फार वाईट. तुम्ही कुठे आहात तिथे फुली मारा, म्हणाले. कोणी विचारलं की "बरं शे" म्हणायची आपली खोड. मारली बऱ्याच्या टोकाला.

रक्तही चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "आजार झोपलाय. सोमवारपासून गोळ्या कमी करू." सूनबाईने पेढे आणले. माझा मी तसाच पदराच्या गाठीत बांधून ठेवला.

डाव्या हाताची दोन बोटं रोज सकाळी आखडतात. मागच्या खेपेला अशीच सुरुवात झाली होती, आणि पुढे सहा महिने तुम्ही माझी वेणी घातली. वेणी कसली, म्हशीचं दावं! पण आता झोपलेला आजार उठला, तर भाकरीही तुम्हालाच थापावी लागेल. मला फार भीती वाटते.

मिरच्या वाळल्या का? गुडघ्याला तेल लावता ना?

सोमवारच्या आत सूनबाईला फोन करून खरं सांगा. मी मागून "बरी आहे" म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नका.

भूपेंद्रची आई