दोन मिस्ड कॉल

शनिवार, संध्याकाळ. म्युनिक.

अखेर इथलं सिम मिळालं. सकाळी उतरल्यापासून घरी काहीच कळवलं नव्हतं. दुकानातूनच भडगावला आबांना फोन लावला. उचललाच नाही! परदेशी नंबर उचलायचा नाही, हे मीच त्यांना बजावलेलं. शहाणीच मी! मग आठवलं, सुट्टीनंतर धुळ्याला देवपूरच्या होस्टेलवर पोचले, की मी दोन मिस्ड कॉल द्यायचे. तसेच दोन दिले. इतक्या वर्षांनी कळेल का त्यांना?

पाच मिनिटांनी पुन्हा लावला. आईने उचलला.

"पोचनी ना माय? दोन मिस्ड कॉल उनात, तव्हय तुना आबा जेवाले बठनात. सकायपाईन उपाशी व्हतात."

दुकानातल्या बाईचे मी तीनदा आभार मानले. तिला वाटलं, सिमसाठीच.