एक्स-रे साफ आला

मानखुर्द,
नोव्हेंबर १९८६

प्रिय कुंदा,

तू येऊन गेलीस तेव्हा मी घरातच होते, पडद्यामागे. कुबडी घेऊन तुझ्यासमोर यायची लाज वाटली गं.

घाटकोपरच्या कबड्डीच्या मॅचला तू होतीसच. चढाईवरून परत वळताना पाऊल रुतून राहिलं, अंग तेवढं वळलं आणि गुडघ्यात कट्‌ झालं. थोड्याच वेळात गुडघा टम्म सुजला. शेजारच्या सोनूमावशीनं मायेनं गरम तेल चोळलं, तशी सूज आणखीच वाढली. एक्स-रे मात्र साफ आला. आपले सर म्हणाले, हाड शाबूत आहे, मनातली भीती काढ. मग मी गुडघ्याला पट्टा बांधून खेळत राहिले. सरळ धावताना काही नाही, पण वळलं की गुडघा दगा द्यायचा. कुणी हात न लावता मी मैदानात पडायचे. पोरी हसायच्या. तू नाही हसलीस. पण मलाच वाटायला लागलं, आपण नाटक करतोय की काय.

शेवटी भाऊरावदादानं मला मुलुंडच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघा वाकवला, पावलावर टेकून बसले आणि दोन्ही हातांनी नडगी पुढे ओढली. टेबलाचा खण सरकावा तशी ती सरकली. "हाडं बांधून ठेवणारा आतला दोर तुटलाय," ते म्हणाले. "एक्स-रेत हाडं दिसतात, दोर दिसत नाही." मी रडायला लागले. दादाला वाटलं, दुःखानं. कुंदा, मला आनंद झाला होता. मी खोटी नव्हते. स्वतःचा पाय अधू झाल्याचा आनंद व्हावा, याची लाज अजून जात नाही.

तसंच खेळत राहिल्यानं दोन हाडांमधली गादीही फाटली होती. ऑपरेशन करून ती काढली. आता रोज पायाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलते, मांडीत जोर यावा म्हणून. चालेन, जिने चढेन. कबड्डी संपली.

काल लता आली होती. तिच्याकडून कळलं, रविवारी वळताना तुझाही गुडघा निसटला, सुजला, एक्स-रे साफ आला आणि सरांनी तुला पट्टा दिला. अंधेरीच्या फायनलला तू उतरणार म्हणे. उतरू नकोस. तेल चोळू नकोस. बर्फ लाव, पाय उशीवर ठेव. शनिवारी सकाळी मी रिक्षा घेऊन येते, आपण मुलुंडला जाऊ. तुमच्या अख्ख्या चाळीसमोरून लंगडत येईन. बघू देत सगळ्यांना.

तुझीच,
शकू