करनी, थापी आणि झरीचा कोपरा

आश्विन शु. २, शके १८७९. झरी.
शाळेच्या हॉलचं काम मी गुत्त्यानं घेतलंय. गिलावा सुरू. एका भिंतीवर यासीन उस्ताद, तिला लागून दुसऱ्या भिंतीवर बाबूराव मिस्त्री. बाबूराव साताऱ्याकडचा, आपले गडी घेऊन आलाय. आपला मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यापासून तिकडची माणसं इकडं कामाला यायलीत. काम चोख. तोंड जरा सैल.
सकाळी त्यानं हाक दिली, "थापी आणा!" आमच्या कामावरच्या सखूबाईनं गच्ची कुटायची लाकडी थापी नेऊन दिली.
"बाई, ह्यानं काय धुणं बडवू?"
"मग नीट करनी मागा की! थापी म्हणल्यावर हीच भेटंल."
त्याचा गडी म्हणे, "करणी? आमच्याकडं करणी मांत्रिक करतो!" सगळा हॉल हसला. मीबी हसलो. उस्ताद तेवढे हसले नाहीत. हातातली गिलाव्याची करनी फडक्यानं पुसत राहिले.

शु. ४
कान लावून हिंडतोय. बाबूरावाचा ओळंबा, उस्तादांचं साहुल. भिंत घोटायचा त्याचा रंधा, यांचा गुरमाला. वस्तू त्याच. पूर्ण्याला रेल्वेच्या क्वार्टरांवर तेलंगी मिस्त्री होते, त्यांचे शब्द आणखी तिसरेच. मला गंमत वाटते. उस्तादांना वाटत नाही, हे दिसतंय.
मी त्यांच्या हाताखाली चुना मळणारा गडी होतो. हातात पहिली करनी त्यांनी दिली. तिला दुसरं नाव असतं हे लय उशिरा कळलं.

शु. ६
ओव्हरसियर साहेब येऊन गेले. नवे, पुण्याकडचे. त्यांच्यापुढं माझ्या तोंडून गेलं, "साहेब, थापीचं काम उरकलं की रंधा मारतो." सहज गेलं. का सहज नाही?
उस्ताद वर परांचीवरच होते. साहेबांची जीप गेल्यावर खाली उतरले.
"गोविंदा, करनी बोल, थापी बोल, दीवार कू क्या मालूम? पर तेरे कू मालूम होना."
मी म्हटलं, "उस्ताद, पुढचा गुत्ता पाहिजे तर त्यांच्या बोलीत बोलावंच लागतं."
"हौ. दामाद बुलारा हैदराबाद कू. वहाँ करनी कू करनीच बोलते."
चहा न घेता वर गेले. ते हैदराबादेला गेले तर माझ्याकडं काम राहील, पण...

शु. ८
हिला सांगितलं. ही म्हणते, "माणूस शब्दापायी जात नसतो. तुमी काय केलं ते सांगा."
काय केलं? भांडण नको म्हणून दोघांना भिंती वाटून दिल्या. तेव्हा शहाणपण वाटलं. आता भिंती कोपऱ्यात भेटायला आल्यात आणि दोघं एकमेकांकडं पाठ करून.

खंडेनवमी
हत्यारांची पूजा साइटवरच. दरसाली उस्ताद आपली करनी धुऊन आणतात, पाटावर मधोमध ठेवतात. नमाजी माणूस, पण म्हणतात, "रोटी का औजार है."
यंदा बाबूरावाची थापी, रंधा, आमची फावडी, घमेली, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. मी मधली जागा सोडली होती. तशीच राहिली.
आज कोणी हत्यार उचलत नाही. नारळ फोडला आणि हॉलमधून भिंत घोटल्याचा आवाज. उस्ताद एकटेच.
सखूबाई ओरडली, "उस्ताद, आज हत्यार चालवत नसतेत!"
"चुने कू बोल, कल तक रुक!"
यात राग किती, चुना किती? एवढे तिखट कान माझे, इथं कमी पडले. बाबूराव दारात उभा राहून बघत होता. "काय हात हाय!" म्हणाला. मला म्हणाला. त्यांना नाही.

दसरा
हत्यारं उचलायला गेलो. पाटावर मधोमध उस्तादांची करनी, धुऊन ठेवलेली, वर झेंडूचं एक फूल. राखणदार म्हणतो, "पहाटं ठिवून गेले."
मिस्त्री काम सोडतो तेव्हा करनी शागिर्दाला देतो. हे मला त्यांनीच शिकवलं.
पण भिंत बघितली. कोपऱ्यापाशी वीतभर सोडलंय, कड तिरपी कापून, पुढचा थर धरावा म्हणून. जाणारा माणूस अशी कड कापून ठेवील का? ठेवीलही. दुसऱ्यासाठी.
बाबूरावाला म्हटलं, कोपरा भरून घे.
"न्हाई मालक. तो सांधा दोघांनी मिळून घ्यायचा. एकट्यानं भरला तर भेग पडंल."
"मग कालच बोलायचं होतं त्यांच्याशी."
"तुमी तरी कुठं बोललात?"
आपट्याची पानं खिशात तशीच.

शु. ११
उस्ताद आले नाहीत. बाकी हत्यारं कामाला लागली. करनी पाटावरच, तिच्यावरचं झेंडूचं फूल सुकलं. उचलली तर मी शागिर्द, म्हणजे उस्ताद गेले. म्हणून कालपासून हात लावला नाही.
आत्ता बाबूराव परांचीवरून म्हणाला, "मालक, ती करनी आत तरी ठेवा. दवानं गंजंल." करनी म्हणताना हसला नाही.
टांगा सांगितला. परभणीत आधी त्यांचं घर, तिथं नसले तर स्टेशन. करनी फडक्यात बांधून घेतली आहे. भेटले तर एवढंच म्हणायचं: उस्ताद, करनी विसरलात.