सरांची माती

११ मे १९९७

काळी माती फेकली. सगळी! भाऊ विंचूरहून घेऊन आला होता, शेतातली एक नंबर म्हणे. कांद्याला असेल. पुतळा वाळायला लागला आणि आईच्या भुवईपासून हनुवटीपर्यंत भेग गेली. शाडू आधीच करून बघितला. गणपतीला ठीक, पण एका चेहऱ्यावर आठवडाभर काम करायचं तर भुसभुशीत होतो.

पुतळा मला दिवाळीच्या प्रदर्शनात हवाय. त्याच हॉलमध्ये, जिथे रंगनाथ सरांनी माझ्या आईचा चेहरा स्वतःच्या नावाने मांडला. कसले सर! घडवला मी, पण त्यांच्या कारखान्यात, म्हणून त्यांचा! बक्षीस घेताना मेल्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आई विचारत राहिली, तुझं नाव कुठंय गं? जाईपर्यंत विचारत होती बिचारी.

सोडणार नाही त्याला.

१४ मे

गोदावरीचा गाळ आणला. वळी करून बोटाला गुंडाळली — तुटली. वाळू फार. नाक धरतच नाही.

माती हवी तर सरांचीच. इगतपुरीकडच्या भातखाचरातली, राखाडी, चिकट. अंगठा फिरवला की लोणी. माणूस चोर, पण माती उत्तम. काय करणार!

१५ मे

बुधाला गाठलं. तोच त्यांना माती आणून देतो. म्हणाला, "सरांचं बरं नाय. लय दिस झाले, मळलेली माती तशीच पडून हाय."

नाटकं! मी म्हटलं, मग तीच मला दे. विचारून सांगतो म्हणाला. विचारायचं नाही, असा दमच भरला. शेवटी कबूल झाला. शेजारी लताबाईंकडे फोन करणार आहे.

त्याच्याच मातीतून आईला उभी करीन. मग बघू दे मेल्याला, डोळे फाडून.

१७ मे

फोन नाही. बुधा फितला की काय?

१९ मे

लताबाई धावत आल्या. बुधाचा निरोप — "रंगनाथ सरांची माती उद्या दहाला. घरीच या."

आली! मी हसलेच. लताबाई माझ्याकडे विचित्र बघत राहिल्या. बघू देत. टेंपो सांगितला, पोती झटकून ठेवली. आज जेवण गोड लागलं.

२० मे

अंगणभर माणसं. टोप्या, उपरणी. मी पोती बगलेत घेऊन उभी. बुधा जवळ येऊन म्हणाला, "बरं झालं मातीला आलात."

तेव्हा कळलं, कसली माती! मयताला आमच्याकडे मातीच म्हणतात. जन्म इथे गेला आणि मला सुचू नये?

कमळाबाईंनी, त्यांच्या बायकोने, काही न विचारता माझ्या हातातली पोती घेतली. बायांना बसायला अंथरली. मीही बसले त्यांच्यातच.

२४ मे

बुधा माती टाकून गेला. वळी तुटत नाही.

इतकी वर्षं मेला मेला म्हणत आले. आता खरंच मेला. पुतळा दाखवू कोणाला?