कात्रजच्या बोगद्यातला उजेड

हडपसर, पुणे
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय अभय,

सप्रेम जयभीम.

निकिताची तब्येत कशी आहे? उलट्या थांबल्या का? आईने तिच्यासाठी मोरावळा करून ठेवलाय, कुणी कोल्हापूरला येणारं भेटलं की पाठवते. आम्रपाली म्हणते, गोळ्या चुकवू नकोस म्हणावं तिला. बाकी इकडे सगळे ठीक आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

दादाने पत्र लिहिलं म्हणून तू हसशील. हस. दोनदा फोन केला, दोन्ही वेळेला तू गाडीत होतास, फोन स्पीकरवर, आणि निकिता शेजारून "जयभीम दादा" म्हणाली. मग मी थंडी पडली का वगैरे विचारून फोन ठेवला. तुला मोठा चमत्कारिक वाटला असेल तो फोन. म्हणून हे पत्र तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवतोय. एकट्याने वाच.

आणि एक अट. हे वाचून होईपर्यंत, आणि त्यानंतर मी सांगतो ते काम करेपर्यंत, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. सेकंड शिफ्ट असेल तर कागलहून कंपनीच्या बसने ये. का, ते सांगतो. पण गाडीपासून सुरुवात करून सांगतो, कारण आपल्याला दुसरं काही कधी नीट बोलता आलेलं नाही.

आपली निळी गाडी पूर्ण झाली. तू कोल्हापूरला गेलास तेव्हा ती पार्किंगमध्ये बोनेट वर करून पडली होती. आपल्या सोसायटीचे चेअरमन जाता-येता विचारायचे, "काय भूषणराव, गाडी आहे की पेशंट? सलाइन कधी निघणार?" निघालं एकदाचं. चढावर दम तोडायची, आठवतंय? टर्बो हवा कोंबतोय, आणि ती हवा इंजिनात पोचायच्या आधीच कुठेतरी पळतेय, हे आपल्याला कळत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं. शेवटी हवेच्या नळीचं एक तोंड बंद करून फुटपंपाने हवा भरली आणि आईचा भांड्याचा साबण फेसाळून सगळ्या जोडांना लावला. खालच्या रबरी जोडातून फुगे यायला लागले. आई वरून बघत होती. म्हणाली, "बायकोला कधी एवढं न्हाऊमाखू घातलं नाहीस!"

मग टर्बोची हवा गार करायला मोठा इंटरकूलर बसवला, पुढचा बंपर आतून कापून. लॅपटॉप जोडून पेट्रोलचे आणि ठिणगीचे आकडे बदलायला लागलो. घाई केली नाही. आकडे थोडेसे बदलायचे, मच्छिंद्रला लॅपटॉप मांडीवर देऊन शेजारी बसवायचं, कात्रजचा जुना घाट चढायचा, इंजिन कुठे ठोकतंय ते बघायचं, आणि घरी येऊन परत बदलायचं. पूर्वी त्या सीटवर तू असायचास. मच्छिंद्र बरा आहे, पण वळणावर डोळे मिटतो. त्यांच्या शेतावर आपली सोसायटी उभी राहिली, फ्लॅट आले, कार आली, तरी याचा जीव अजून ट्रॅक्टरच्या वेगावरच आहे.

खरंच सांगतो, अभय, आता ती फार सुंदर चालते. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आधी ती बारीक शिट्टी, आणि मग पाठ सीटला चिकटते. झटका नाही, धूर नाही. मी आयुष्यात एवढं नेटकं काम दुसरं काही केलेलं नाही.

एकच कटकट राहिली होती. हेडलाइट कमी पडत होते.

संध्याकाळी सोलापूर रोडला निघालं की रस्त्याच्या कडा दिसेनात. मी म्हटलं, जुन्या वायरी, करंट पोचत नसणार. बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, लाइटला पूर्ण करंट देणारे रिले टाकले. जरा बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मोठे बल्ब टाकले. मग काचाच बदलल्या. मग माझ्या डोक्याने घेतलं की टर्बोचा जोर आला की लाइट मंद होतात, म्हणजे वीज बनवणारा अल्टरनेटर दमतोय. नवा अल्टरनेटर बसवला. लॅपटॉपवर व्होल्टेज बघितलं तर रेघ सरळ, कुठेही खाली नाही. शहाण्या माणसाने तिथे थांबायला हवं होतं. मी म्हटलं, सेन्सर खोटं बोलतोय! चेअरमनांनी नोटीस बोर्डावर लिहिलं: "सभासदांनी पार्किंगमध्ये सूर्य लावू नये." तो कागद वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आपलं हे असंच आहे. काही बिघडलं की आपण बोनेट उघडतो.

गेल्या महिन्यात भर दुपारी मच्छिंद्रला घेऊन घाटात गेलो होतो. कडक ऊन होतं. वर जुना बोगदा लागतो तिथे लाइट लावून आत शिरलो, आणि सगळं गेलं. मंद झालं नाही, गेलं. मी मनात म्हणतोय, आज वायरिंगचा निकाल लागला वाटतं. तेवढ्यात मच्छिंद्र किंचाळला, "माणूस हाय, माणूस हाय! दाब की ब्रेक!" मी ब्रेक मारला, त्याने हँडब्रेक ओढला. गाडी तिरपी होऊन थांबली. पुढे एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून भिंतीच्या कडेने चालले होते. त्यांच्या मागच्या चाकाला बंपर टेकला होता. टेकलाच फक्त. त्यांनी सायकल सोडवून घेतली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एवढे दिवे लावलेत, मग बघता कुठं?"

मी मच्छिंद्रला म्हटलं, लाइट बंद पडले होते. तो म्हणाला, "सरक तिकडं." त्याने गाडी खाली वळवून आणली आणि पुन्हा बोगद्यात घातली. मी शेजारी बसलो होतो. मला समोर काळं दिसत होतं आणि पलीकडच्या तोंडाचा एक पांढरा गोळा. मी म्हटलं, बघ, लागतच नाहीत. त्याने गाडी तशीच पुढे काढली. बाहेर आल्यावर कडेला थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भूषण, भितीवर पोरांनी लिवलेली नावं वाचत आलो मी. गाडीला कायबी झालं न्हाय."

ऊन उतरलं. आता ओळी एकमेकींवर चढायला लागल्यात. उद्या सकाळी लिहितो.

सोमवार

घाटातल्या त्या प्रकारानंतर आम्रपालीने रजा टाकली आणि मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एका मशिनमध्ये तोंड घालून बसवतात. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी वाट बघत बसलो. बराच वेळ काही चमकेना. मी बाईंना म्हटलं, तुमचं मशिन बंद पडलंय बहुतेक. त्या म्हणाल्या, "नाही सर, चालू आहे." तिथे मला कळलं.

डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग मधलं उरतं तेवढं उरतं. सध्या मी जग नळकांड्यातून बघतोय आणि मला तेच पूर्ण वाटत होतं. औषध नाही. किती वर्षं लागतील ते कुणी सांगत नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला रातांधळेपणा होता का? मी ताबडतोब म्हटलं, नाही. आम्रपाली म्हणाली, "अहो, बाबांना होता की." मी म्हटलं, कधी? ती म्हणाली, "लाइट गेले की बाबा भिंतीला हात लावून जिना चढायचे. तुम्ही दोघं भाऊ खाली गाडीत डोकं घालून असायचात, तुम्हाला काय दिसणार?"

अभय, आठव. बाबा दिवे लागायच्या आत घरी. आपण शाळेत मिरवायचो, आमचे बाबा शिस्तीचे, पिऊन नाक्यावर बसणारे नाहीत. संध्याकाळची वंदना झाली की ते जागचे हलायचे नाहीत, पाण्याचा तांब्यासुद्धा आपण हातात द्यायचा. रात्रपाळी नको म्हणून सुपरवायझरची जागा त्यांनी सोडली आणि कारखान्यात लोक आळशी म्हणाले. ती शिस्त नव्हती रे. त्यांना दिसत नव्हतं.

घरी येऊन आईला विचारलं. ती वाटाणे सोलत होती. सोलत राहिली. मग म्हणाली, "नोकरी गेली असती. पहिल्यांदा नोकरीसाठी लपवलं, मग सवयच झाली. तुम्हाला सांगून काय करायचं होतं?" मी तिच्यावर ओरडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडलो. ती म्हणाली, "मला वाटलं, ते गेले, त्यांच्याबरोबर तेही गेलं."

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय: वडिलांकडून आलंय, तेव्हा भावालाही निम्मी शक्यता आहे, त्याला लवकर तपासा. आणि पुढच्या पिढीचंही गणित तेच. आम्हाला मूल झालं नाही याचं आजवर दोघांनाही दुःख होतं. परवा आम्रपाली म्हणाली, "बरंच झालं नाही का?" आणि मग तोंडावर पदर घेऊन रडत बसली.

आईने मला हात जोडून सांगितलं, "निकिताचं बाळंतपण होईपर्यंत अभयला कळवू नकोस. पोटुशी बाई आहे, धसका घेईल." मला पटलं. खोटं कशाला बोलू, पटलं त्यापेक्षा सोयीचं वाटलं. मी गप्प बसायचं ठरवलं होतं.

आणि गेल्या मंगळवारी तुझा मेसेज आला. "दादा, माझ्या गाडीचे हेडलाइट खूप डिम झालेत. हायवेला कडेचं काही दिसत नाही. तुझं ते रिलेचं किट कुरिअर कर ना."

अभय, मी ते किट डब्यात भरलं. वरून पत्तासुद्धा लिहिला. मला माहीत असूनसुद्धा माझा हात आधी वायरकडेच गेला. डबा घेऊन कुरिअरच्या दुकानापर्यंत गेलो आणि तिथल्या पायरीवरून मागे फिरलो. मी तुला वायर पाठवली असती. तू ती लावून त्या हायवेवर निघाला असतास, निकिताला शेजारी बसवून.

किट येणार नाही. तुझ्या लाइटला काही झालेलं नसेल अशी मला भीती वाटते. फार भीती वाटते. कदाचित काच नुसती धुळीने भरली असेल. देव मानणाऱ्या घरातले असतो तर तसं असू दे म्हणून नवस केला असता. आपल्याकडे तीही सोय नाही, म्हणून सांगतो: कोल्हापुरातच पडद्याच्या डॉक्टरकडे जा. चष्म्याच्या दुकानात नको, तिथे अक्षरं वाचून घेतात आणि अक्षरं आपल्याला नीट दिसतात. बाबांना रातांधळेपणा होता हे आपणहून सांग. निकिताला सांग. तपासणीच्या आधी सांग, नंतर नाही. आईने बाबांसाठी जे केलं ते तिला करायला लावू नकोस.

आई चिडेल माझ्यावर. तिला मी आज संध्याकाळी सांगणार आहे की पत्र टाकलं.

माझी काळजी करू नकोस. नोकरी दिवसाची आहे, चालतंय. निळीची किल्ली मच्छिंद्रकडे दिली, शेजारी बसून मी शिट्टी ऐकतो आणि त्याच्या गिअर बदलण्याला शिव्या देतो.

तपासणीत काही निघालं नाही तर मला पोटभर हस, घाबरट म्हण. आणि निघालं, तर फोनवर सांगत बसू नकोस. गाडी आणू नकोस. सकाळची एसटी धर. मी स्वारगेटला बाहेरच्या फाटकाशी उभा असेन. दुपारपर्यंत उतर, उन्हात मला बरं दिसतं. फक्त पाठीमागून किंवा बाजूने येऊन खांद्यावर हात टाकू नकोस, हल्ली मी दचकतो. समोरून ये, म्हणजे तू येताना मला दिसशील.

बाबांवर गेलेला,
तुझा दादा
बुद्धभूषण