भाच्याला कागद कशाला

४ मे, रवि.
हॅकिंगच्या क्लासचा पहिला दिवस. तुळजापुरात, बांगड्यांच्या दुकानावरची खोली. पंखा एक, पोरं अकरा. सर ह्या उकाड्यात काळं हुडी घालून. हॅकर दिसायला पायजे ना. पोरांना पहिल्याच दिवशी कुणाचं तरी इन्स्टा उघडायचंय. मला कादंबरीसाठी शिकायचंय, म्हणजे मी जरा वरच्या दर्जाचा बिनडोक.
दीड तासात कामाचं एकच: "मालकाची लेखी परवानगी. न्हायतर एथिकल-बिथिकल काय न्हाय, सरळ चोरी." बाकी बडबड.

७ मे, बुध.
सराव कशावर करायचा? बीए झाल्यापासनं मामांच्या लॉजवर पडीक हाय. काउंटरचा कॉम्प्युटर, वायफाय, सगळं त्यांचं. अर्ज लिहून पुढं ठेवला. सही द्या म्हणलं.
मामांनी चष्मा काढला. "भाच्याला लिहून देऊ व्हय? उद्या जेवायला बसताना पण सही मागशील."
"मामा, नियम हाय."
"वाटणीला लागतो कागद. घरच्याला कशाला? बघ की काय बघायचं ते."
मामी आतनं: "शिकून परकं झालं पोरगं." आईला फोन गेला. आई रडली. मीच अर्ज फाडला. एका सहीला एवढं नाटक. ह्या खानदानाचं...

९ मे, शुक्र.
देवीचा वार, लॉज फुल्ल. वायफायला काय काय जोडलंय बघायला दुपारी लॅपटॉपवर स्कॅन चालवला. दहा मिनिटांत काउंटरचा कॉम्प्युटर सापडला. आत 'आधार' फोल्डर, बिनपासवर्डाचं. येईल त्या गिऱ्हाइकाला वायफाय देतात, त्यातला कुणीपण उघडू शकतो. आलेल्या सगळ्या यात्रेकरूंची कार्डं, फोटो, पत्ते. मी हॅक काय केलं? दार सताड उघडंच.
मामांना दाखवलं.
"मग बंद कर."
"कसं ठेवलंय ते बघा तरी."
"गिऱ्हाईक बघू का तुझं खेळणं?"
गेले. मी पण बंद केलं न्हाय. म्हणलं, मामा एकदा तोंडावर पडू देत.

१३ मे, मंगळ.
सोलापूरचे एक काका गरम पाण्यावरनं काउंटरवर भांडत होते. मामा म्हणले, "आमच्यासारखी सोय गल्लीत दाखवा." मला ऱ्हावलं न्हाय. लॅपटॉप काकांकडं फिरवला. "ही बघा सोय." त्यांचं कार्ड. पुढचं काकूंचं.
वाटलं, आता मामांना झाडतील. त्यांनी माझीच कॉलर धरली. "बायामाणसांची कार्डं बघत बसतो व्हय रे?" अख्खी गल्ली गोळा. संध्याकाळपर्यंत तक्रार देऊन मोकळे. माझ्या नावानं.
लई हुशार मी. लईच.

१४ मे
पोलिस ठाण्यातनं फोन. शुक्रवारी दोघं या, मालकानं सांगितलं होतं का ते विचारायचंय.
सरांना फोन केला. "लेखी हाय का?" न्हाय. "मग क्लासचं नाव घेऊ नको." बहाद्दर.
मामा व्हय म्हणले तर मी सुटतो, पण फोल्डर उघडं ठेवल्याचं त्यांच्यावर येतं. न्हाय म्हणले तर मी चोर. कालपासनं माझ्याशी बोलले न्हाईत. मामी ताट वाढती, बघत न्हाय.
ह्या माणसांना मी आजवर कादंबरीचा कच्चा माल समजत होतो.

१६ मे, शुक्र.
ठाण्याबाहेर, बाकड्यावर. मोबाइलात लिहितोय. सकाळी मामांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला, गाडीवर मला मागं बसवलं. इथं बसल्यावर मीच म्हणलं, "मामा, तुम्हीच बघ म्हणला होता."
"बघ म्हणलो होतो. गिऱ्हाइकाला दाखव म्हणलो होतो का?"
आतनं हाक आली. मी उठलो तर खांदा दाबून खाली बसवलं. "आधी मी बोलतो."
काय बोलणार, सांगितलं न्हाय. दारात चपला काढून आत गेले. पोलिस ठाण्यात कोण काढतं चपला?
खिडकीतनं त्यांचा आवाज येतोय. शब्द कळंनात.